मेघांची आणेवारी

१९५८ या एकाच साली वातावरणविज्ञानाच्या क्षेत्रात दोन घटना घडल्या, आणि त्यांचा एकमेकींशी काही अनुबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल. हर्बर्ट रील आणि त्यांच्या एके काळच्या विद्यार्थिनी जोआन माल्कस यांनी विषुववृत्तालगतच्या न्यून दाबाच्या पट्ट्यातील उष्णतेचा सविस्तर ताळेबंद मांडणारा एक निबंध प्रसिद्ध केला, ही पहिली घटना. दुसरी घटना दिसायला त्याहूनही सामान्य होती: टोकियो विद्यापीठाची डॉक्टरेट नुकतीच संपादन केलेले स्युकुरो मानाबे हे तरुण जपानी संशोधक जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांच्या आमंत्रणावरून अमेरिकेच्या हवामान खात्यात रुजू झाले. पहिल्या घटनेने असे दाखवून दिले की, उष्णकटिबंधातील वातावरणाचा उष्णतेचा कारभार मूठभर अरुंद आणि अल्पायुषी मेघांच्या बळावर चालतो. दुसऱ्या घटनेने अशा एका उद्योगाला गती मिळाली की, ज्यात संबंध पृथ्वीचे वातावरण गणितयंत्रात उभे करावयाचे होते. पण त्या यंत्रातील वातावरणात एकही मेघ मावेल एवढी जागा नव्हती. या दोहोंमधील अंतर तोडण्यासाठी पुढील सहा दशके जी बौद्धिक खटपट झाली, तिचा इतिहास विज्ञानाच्या थोर परंतु अल्पज्ञात प्रकरणांपैकी एक आहे, आणि ज्यांचे अन्नच पर्जन्यावर अवलंबून आहे अशा आपल्यासारख्या लोकांनी तर तो अवश्य जाणून घ्यावा.

रील आणि माल्कस यांच्यापुढे जो पेच उभा होता तो असा. उष्णकटिबंधात सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेचा पुष्कळ मोठा भाग समुद्राच्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते, आणि ती त्या वाफेत अप्रकट रूपाने साठून राहते. व्यापारी वारे ही बाष्पसंपत्ती गोळा करीत विषुववृत्ताकडे नेतात, आणि तेथून ती वर चढून, पावसाच्या रूपाने उष्णता मोकळी करून, उंचावरील वाऱ्यांबरोबर ध्रुवांकडे रवाना होते. इथवर कोणाचा मतभेद नव्हता. परंतु ही हवा वर चढते ती कशी? संबंध पट्ट्यातील हवा संथपणे, एकजुटीने वर सरकत असावी, अशी समजूत होती. या दोघांनी निरनिराळ्या उंचीवरील हवेच्या एकूण ऊर्जेची, म्हणजे उष्णता, बाष्प आणि उंची या तिन्ही खात्यांची बेरीज करून पाहिली, तेव्हा असे आढळले की ही बेरीज भूपृष्ठाजवळ भरघोस असते, सुमारे पाच किलोमीटरच्या आसपास ती किमान पातळीवर येते, आणि तेथून वर पुन्हा वाढत जाते. मधला थर असा दरिद्री असताना खालची श्रीमंती संथ आरोहणाने वर पोचणे शक्यच नव्हते. एकच मार्ग उरत होता: काही मेघ इतके जाड आणि जोमदार असले पाहिजेत की भोवतालच्या कोरड्या हवेचा संसर्ग त्यांच्या गाभ्यापर्यंत पोचू नये, आणि समुद्रालगतची हवा त्या गाभ्यातून अविकृत स्वरूपात थेट तपांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या, माथ्याला जाऊन भिडावी. या मेघांना त्यांनी उष्ण मनोरे म्हटले. पृथ्वीभोवतीच्या साऱ्या विषुववृत्तीय पट्ट्यात एका वेळी असे १,५०० ते ५,००० मनोरे कार्यरत असले तरी ते सारी उष्णता वाहून नेण्यास पुरेसे आहेत, असा त्यांचा अदमास होता. १९४९ साली शिकागो विद्यापीठातून वातावरणविज्ञानाची डॉक्टरेट मिळवून अमेरिकेतील तशा पहिल्या स्त्री ठरलेल्या जोआन माल्कस, ज्या पुढे जोआन सिम्प्सन या नावाने विख्यात झाल्या, यांनी राशिमेघांकडे गांभीर्याने पाहण्याचा जो आग्रह धरला होता, त्याचे हे भरघोस फळ होय.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. हवामानाचे भाकीत हा यंत्रशास्त्र आणि भौतिकी यांचा प्रश्न आहे, आजची स्थिती आणि निसर्गाचे नियम हाती असले म्हणजे उद्याची स्थिती गणिताने काढता आली पाहिजे, असे प्रतिपादन नॉर्वेचे व्हिल्हेल्म ब्येर्कनेस यांनी १९०४ साली केले होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींची वाहतूक करणाऱ्या पथकात काम करीत असताना इंग्लंडच्या लुइस फ्राय रिचर्डसन यांनी ते गणित हातांनी करून पाहिले, आणि २० मे १९१० या दिवसाचे सहा तासांचे भाकीत काढले. त्यात हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल असे विलक्षण उत्तर निघाले, तरी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते अपयश जसेच्या तसे मांडले. त्यांची पद्धत मात्र अक्षय ठरली. भूपृष्ठावर चौकटींची जाळी आखावी, प्रत्येक चौकटीवरील हवेचे थर पाडावेत, प्रत्येक कप्प्यासाठी तापमान, दाब, वारा आणि बाष्प यांचा एकेक आकडा मांडावा, आणि शेजारच्या कप्प्यांशी होणारी देवघेव मोजीत काळाची लहान लहान पावले टाकावीत. १९५० साली ज्यूल चार्नी, रॅग्नार फ्यॉर्टॉफ्ट आणि जॉन फॉन नॉयमन यांनी एनियॅक या यंत्रावर याच मार्गाने भाकिते काढली. चोवीस तासांच्या भाकितास त्या वेळी जवळजवळ चोवीस तासच लागत असत. १९५६ साली नॉर्मन फिलिप्स यांनी एका दिवसाच्या भाकितावर न थांबता, स्तब्ध हवेपासून आरंभ करून साधारण महिनाभराचे वातावरण यंत्रात चालवून दाखविले, आणि त्यात पश्चिमी वारे आणि आवर्ते ही आपोआप उत्पन्न झाली. मात्र ते वातावरण कोरडे होते: त्यात ना बाष्प होते, ना मेघ, ना पाऊस.

फिलिप्स यांचा प्रयोग पाहून ज्यांना पुढची दिशा दिसली त्यांत स्मॅगोरिन्स्की अग्रेसर होते, आणि त्यांनी बोलावलेल्या मानाबे यांच्याकडे पाण्याचे चक्र या कोरड्या वातावरणात आणण्याची कामगिरी आली. येथेच अडचणीचे खरे स्वरूप उघड झाले. त्या काळच्या यंत्रांना झेपेल अशा जाळीची एकेक चौकट शेकडो किलोमीटर रुंद असे, आणि वर्षाव करणारा राशिमेघ रुंदीने फार तर दहा किलोमीटर भरतो. एका चौकटीत असे शेकडो मेघ उगवून मावळले तरी त्या चौकटीच्या एकुलत्या आकड्याला त्यांचा पत्ताही लागू नये, अशी ही परिस्थिती. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे म्हणावे, तर तेही शक्य नव्हते. एखाद्या प्रदेशावर दिवसभरात एक सेंटीमीटर पाऊस पडला, तर त्या पावसाने मोकळी केलेली उष्णता भूपृष्ठापासून आकाशाच्या माथ्यापर्यंतच्या साऱ्या हवेचे तापमान सरासरीने अडीच अंशांनी वाढविण्याइतकी असते. कोकणात आषाढात याच्या दहापट पाऊस एका दिवसात पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा मेघ जाळीतून निसटतात, पण त्यांनी सोडलेली उष्णता जाळीतील प्रत्येक वाऱ्याला ढकलीत असते. यावर उपाय एकच: प्रत्येक मेघ न चितारता, चौकटीतील समस्त मेघांचा एकत्रित परिणाम चौकटीच्या उपलब्ध आकड्यांवरूनच ठरवावयाचा. आपल्याकडे महसूल खात्यात गावाची आणेवारी लावताना प्रत्येक शेतातील दाणा मोजीत नाहीत. काही निवडक शेतांतील पीक कापून, तोलून, त्यावरून साऱ्या गावाचे पीक रुपयात किती आणे हे ठरवितात, आणि सारासूट त्यावर अवलंबून असते. मेघांची अशी आणेवारी लावण्याच्या शास्त्राला प्राचलीकरण म्हणतात. अशा आणेवारीचे भवितव्य दोन गोष्टींवर ठरते: निवडलेली शेते प्रातिनिधिक आहेत काय, आणि ठोकताळ्यामागचे तत्त्व खरे आहे काय. पुढचा सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

मानाबे यांनी लावलेली पहिली आणेवारी साधेपणात अप्रतिम होती. हवा उंचीबरोबर थंड होत जाते. ती प्रमाणाबाहेर वेगाने थंड होऊ लागली म्हणजे खालची हलकी आणि वरची जड अशी अस्थिर रचना होते, आणि खालची हवा उसळून वर जाते, यालाच अभिसरण म्हणतात. मानाबे यांनी असा नियम घातला की, कोणत्याही स्तंभात तापमानाची ही उतरण विशिष्ट मर्यादेपलीकडे तीव्र झाली, की एकूण ऊर्जा कायम ठेवून ती उतरण पुन्हा मर्यादेवर आणावी. हवा संपृक्त असल्यास ती बाष्पयुक्त हवेच्या स्वाभाविक उतरणीवर आणून बसवावी, आणि जे बाष्प जादा ठरेल ते पाऊस म्हणून खाली उतरवावे. मेघ कसा उगवतो, कसा वाढतो, कसा विरतो, याची कसलीही चौकशी या नियमात नाही. मेघाच्या कार्याची अखेरची निष्पत्ती तेवढी त्यात आहे. १९६४ साली रॉबर्ट स्ट्रिकलर यांच्या सहकार्याने एका स्तंभासाठी, आणि १९६५ साली स्मॅगोरिन्स्की व स्ट्रिकलर यांच्यासह नऊ थरांच्या अर्धगोल प्रतिमानासाठी, म्हणजे यंत्रात उभ्या केलेल्या गणिती वातावरणासाठी, हा नियम वापरण्यात आला, आणि यंत्रातील आकाशातून पाऊस पडला. १९६७ साली रिचर्ड वेदरल्ड यांच्याबरोबर याच विचारसरणीवर त्यांनी दाखवून दिले की, हवेतील कर्बवायू दुप्पट झाल्यास भूपृष्ठाचे तापमान दोन अंशांहून किंचित अधिक वाढेल. या कार्यासाठी त्यांना २०२१ साली भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एवढ्या दूरगामी निष्कर्षाच्या पायाशी मेघांविषयी केलेले एक ओळीचे गृहीतक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गृहीतकाची निवड किती विवेकाने झाली होती हे कळते.

तथापि एका प्रश्नाचे उत्तर या नियमातून मिळत नव्हते. मेघ आणि भोवतालचे विस्तीर्ण वारे यांमध्ये कर्ता कोण आणि कर्म कोण? १९६४ साली चार्नी आणि आर्न्ट एलियासेन यांनी, तसेच स्वतंत्रपणे कात्सुयुकी ओओयामा यांनी चक्रीवादळांच्या उत्पत्तीचा विचार करताना असे मांडले की, मोठा आवर्त बाष्प गोळा करून मेघांना पुरवितो, मेघ उष्णता सोडून आवर्ताला बळ देतात, आणि अशा परस्परसाहाय्याने दोघेही वाढतात. शिकागो येथील ह. ल. कुओ यांनी १९६५ साली याच कल्पनेचे व्यावहारिक सूत्र केले: स्तंभात भोवतालून जेवढे बाष्प गोळा होईल त्याच्या प्रमाणात मेघ आणि पाऊस धरावा. सूत्र सुटसुटीत असल्यामुळे ते दीर्घकाळ अनेक हवामान केंद्रांत चालत राहिले. परंतु बाष्प येते म्हणून पाऊस पडतो, की पाऊस पडतो म्हणून वारे बाष्प ओढून आणतात, हा भेद त्यात झाकला जात होता.

हा भेद ज्यांनी उघड्यावर आणला ते आकिओ अराकावा यांचे चरित्र या इतिहासात मध्यवर्ती आहे. १९२७ साली जन्मलेले अराकावा टोकियो विद्यापीठात भौतिकी शिकून जपानच्या हवामान खात्यात नोकरीस लागले, आणि १९६१ साली येल मिंट्झ यांच्या निमंत्रणावरून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. तेथे त्यांनी प्रथम एक निराळाच पेच सोडविला: दीर्घकाळ चालविलेल्या गणितात लहान लहान चुका साचून यंत्रातील वारे अखेरीस बेभान होत असत; अराकावांनी १९६६ साली गणिताची अशी मांडणी प्रसिद्ध केली की, जिच्यात गती आणि भोवरे यांच्या मूळ राशी पावलागणिक शाबूत राहतात. राशी शाबूत राहिली पाहिजे, जमा आणि खर्च यांचा मेळ प्रत्येक पावलाला बसला पाहिजे, ही शिस्त त्यांच्या बुद्धीचा स्थायीभाव होती, आणि तीच त्यांनी मेघांच्या प्रश्नालाही लावली.

आपले विद्यार्थी वेन शूबर्ट यांच्यासह १९७४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध हा या साऱ्या प्रकरणाचा कळस मानावा लागेल. त्यात प्रथम एक जुनी समजूत दूर सारली आहे. मेघात बाष्पाचे पाणी होताना सुटलेली उष्णता भोवतालच्या हवेत पसरून ती तापवीत असावी, असे सहज वाटते. प्रत्यक्षात मेघातील हवा ती उष्णता स्वतःच्या आरोहणातच खर्च करते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थोडीशीच उबदार असते. मेघांच्या गाभ्यातून जेवढी हवा वर जाते, तिची भरपाई म्हणून मेघांमधल्या निरभ्र अवकाशात तेवढी हवा हळूहळू खाली उतरते, आणि खाली उतरताना दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. म्हणजे मेघ ज्या जागी असतो त्या जागेपेक्षा जेथे तो नसतो तेथे त्याचा परिणाम अधिक विस्ताराने घडतो. या एका विचाराने मेघाची आकृती बाजूला पडून त्यातून वाहणाऱ्या हवेचे वस्तुमान ही हिशेबाची मूळ राशी ठरली.

दुसरा विचार असा की, चौकटीतील मेघ एकाच जातीचे नसतात. काही मेघ चढताना भोवतालची कोरडी हवा मोठ्या प्रमाणात आत ओढून घेतात, त्यामुळे दुबळे होऊन थोड्या उंचीवरच थांबतात. काही फारच थोडी हवा आत येऊ देतात आणि उष्ण मनोऱ्यांप्रमाणे तपांबराच्या माथ्याला पोचतात. बाहेरची हवा आत घेण्याचे हे प्रमाण कसोटी मानून अराकावा आणि शूबर्ट यांनी मेघांची जातवार श्रेणी लावली, आणि प्रत्येक जातीसाठी भोवतालचे वातावरण त्या जातीच्या मेघाला वर चढण्यास किती ऊर्जा देऊ शकते, याचे एक माप ठरविले.

तिसरा विचार सर्वांत थोर होता. सूर्याची उष्णता, समुद्राची वाफ, वरच्या थरांतून अवकाशात निघून जाणारे प्रारण आणि मोठे वारे ही सारी कारणे हवेला हळूहळू, दिवसादिवसांच्या गतीने अस्थिर करीत असतात. मेघ मात्र ती अस्थिरता काही तासांत फस्त करतात. म्हणून मोठे वातावरण जेवढी अस्थिरता उत्पन्न करील तेवढीच मेघसमूह जवळजवळ तात्काळ खर्च करील, आणि शिल्लक फारशी साठणार नाही. ही समतोलप्राय अवस्था गृहीत धरली, की प्रत्येक जातीच्या मेघांतून किती हवा वर जावी हे समीकरणांवरूनच निश्चित होते. कोणाच्या मर्जीने आकडा बसविण्याचे कारण राहत नाही. कर्ता कोण, कर्म कोण, या वादालाही त्यात उत्तर मिळाले: मेघ आणि वातावरण हे एकाच व्यवहारातले दोन पक्षकार आहेत, आणि दोघांच्या वह्या पडताळून पाहिल्याशिवाय त्या व्यवहाराचा निवाडा होत नाही. मेघाचे चित्र हुबेहूब कसे काढावे, या प्रश्नावर अडून न राहता, मेघांविषयी मोठ्या वातावरणाला नेमके काय कळणे जरूर आहे, असा प्रश्न अराकावांनी विचारला. माझ्या मते या क्षेत्रातील त्यांचे सर्वांत मोठे दान हा प्रश्नच होय. नंतरच्या किती तरी सूत्रांनी त्यांच्या उत्तराचे तपशील बदलले, परंतु कोणालाही हा प्रश्न टाळता आला नाही.

आणेवारीला प्रातिनिधिक शेते लागतात, हे वर म्हटलेच आहे. ज्या वर्षी हा निबंध निघाला त्याच १९७४ च्या उन्हाळ्यात आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरावर, सेनेगालमधील डाकार येथे मुख्य ठाणे ठेवून, अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन मेघांच्या मोजणीची एक प्रचंड मोहीम काढली. सुमारे चाळीस जहाजे आणि डझनभर विमाने तिच्यात होती. शीतयुद्धाच्या त्या काळात सोव्हिएत आणि अमेरिकी जहाजे एकाच समुद्रावर एकाच आराखड्यानुसार बलून सोडीत आणि रडार फिरवीत होती. या मोहिमेने सिद्धांताला पुष्टी दिली, तशीच त्याची मर्यादाही दाखविली. उष्णकटिबंधातील मेघ एकेकटे न राहता शंभर शंभर किलोमीटरच्या जथ्यांत संघटित होतात. उंच मनोऱ्यांच्या माथ्यावरून पसरलेल्या विस्तीर्ण छत्रातून संथ पाऊस पडत राहतो, आणि एकूण पावसाचा मोठा वाटा या संथ पावसाचा असतो. पावसाने गारठलेली हवा खाली कोसळून जमिनीवर पसरते आणि पुढच्या मेघांना ठिणगी लावते. मेघ आणि चौकट यांच्या मधल्या आकाराची ही संघटना कोणत्याही सूत्रात धरलेली नव्हती, आणि आजही ती पुरतेपणी धरता आलेली नाही.

पुढील दोन दशके ही सिद्धांत कचेरीच्या रोजच्या कामात उतरविण्याची होती. अराकावा आणि शूबर्ट यांची मांडणी गणिताला जड होती. तिची सुटसुटीत रूपे निघाली, आणि त्यांपैकी एक शिथिल रूप १९९२ साली श्रीनिवास मूर्ती आणि मॅक्स सुआरेझ यांनी सिद्ध केले. १९७९ पासून रोजचे भाकीत प्रसृत करणाऱ्या, इंग्लंडमधील रेडिंग येथील युरोपीय मध्यम मुदतीच्या हवामान केंद्रात मायकेल टिट्के यांनी १९८९ साली वस्तुमान प्रवाहावर आधारलेली जी पद्धत रचली, तिची सुधारित आवृत्ती अनेक देशांनी स्वीकारली.

इतक्यात मेघांचे दुसरे अंग महत्त्वास चढले होते. मेघ उष्णता उचलतात, तसेच ते सूर्यप्रकाश परतवितात आणि भूपृष्ठावरून निघणारे प्रारण अडवितात. मानाबे यांच्या आरंभीच्या प्रतिमानांत प्रारणाच्या हिशेबासाठी मेघ ठरावीक जागी ठरावीक प्रमाणात धरलेले असत. हवामान बदलले तरी ते बदलत नसत. १९७९ साली चार्नी यांच्या अध्यक्षतेखाली वुड्स होल येथे एक अभ्यासगट बसला, अराकावा हे त्याचे एक सदस्य होते, आणि कर्बवायू दुप्पट झाल्यास तापमानवाढ १.५ ते ४.५ अंशांच्या दरम्यान होईल असा निर्णय त्यांनी दिला. या मर्यादा एवढ्या लांब राहण्यात मेघांच्या वर्तनाविषयीच्या अनिश्चिततेचा मोठा हात होता. दहा वर्षांनी रॉबर्ट सेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा प्रतिमाने एकाच कसोटीवर लावली, तेव्हा त्यांच्या उत्तरांत तिपटीचा फरक निघाला, आणि त्याचे खापर बहुतांशी मेघांवरच फुटले. त्याच १९८९ साली भारतात जन्मलेले वीरभद्रन रामनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी उपग्रहाच्या मोजमापांवरून दाखविले की, साऱ्या मेघांचा मिळून परिणाम पृथ्वीला दर चौरस मीटरमागे सुमारे १३ वॅटने थंड ठेवण्याचा आहे. कर्बवायू दुप्पट झाल्याने होणाऱ्या परिणामाच्या हा तीन-चार पट भरतो. इतक्या मोठ्या राशीत थोडीशीही चूक झाली तर निष्कर्ष किती डळमळेल, हे सांगणे नको. चार्नी यांनी आखलेल्या मर्यादा भरवशाने आवळण्यास चार दशके लागली. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात त्या २.५ ते ४ अंश अशा आल्या.

आपल्या दृष्टीने सर्वांत निकडीचा धागा मात्र मान्सूनचा आहे. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन, चार्नी यांच्या सान्निध्यात काम करून, १९७१ साली मायदेशी परतल्या आणि प्रथम पुण्याच्याच उष्णकटिबंधीय वातावरणविज्ञान संस्थेत दाखल झाल्या. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना त्यांनी, पुण्याच्या संस्थेतील डी. आर. सिक्का यांच्यासह, उपग्रहांनी टिपलेली मेघांची दैनंदिन चित्रे तपासून १९८० साली असे दाखविले की, पावसाळ्यात आपल्या रेखांशावर मेघांचे दोन पट्टे आळीपाळीने नांदतात, एक भूमीवर आणि दुसरा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर. आणि समुद्रावरील पट्टा काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकत भूमीवर येतो. पावसाची झड, मधली उघडीप आणि पुन्हा झड, हा जो क्रम शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे, त्याचे मूळ मेघपट्ट्यांच्या या प्रवासात आहे. प्रतिमानांची खरी परीक्षा येथे होती, आणि त्यांतील बहुतेक तीत दीर्घकाळ अनुत्तीर्ण होत राहिली: कोठे मेघपट्टा समुद्रावरच रेंगाळे, कोठे पाऊस रोज थोडाथोडा सर्वत्र शिंतडला जाई; आणि जमिनीवर जी सर दिवस कलताना यावयाची, ती यंत्रात भर दुपारीच कोसळे, कारण मेघ अस्थिरता तात्काळ फस्त करतात हे गृहीतक दिवसभरात हळूहळू पक्व होणाऱ्या मेघाला लागू पडत नाही.

नव्या शतकाच्या आरंभी या कोंडीची कबुली खुद्द प्रवर्तकांनी दिली. २००३ साली डेव्हिड रँडल, मारात खैरुतदिनोव्ह, अराकावा आणि वोयचेख ग्राबोव्स्की यांनी मिळून लिहिलेल्या लेखात जुन्या मार्गाने होणारी प्रगती फार मंद असल्याचे सांगून एक धाडसी पर्याय पुढे केला: प्रत्येक मोठ्या चौकटीच्या पोटात मेघांना सामावणारे एक लहान प्रतिमान बसवावे, आणि आणेवारीऐवजी नमुन्याची प्रत्यक्ष कापणी दर पावलाला करावी. ही कल्पना ग्राबोव्स्कींनी आधीच अमलात आणून दाखविली होती. पुढे पुण्याच्या संस्थेतही मान्सूनच्या प्रतिमानात तिचा प्रयोग झाला. दुसरीकडे जपानमध्ये मासाकी सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योकोहामा येथील अर्थ सिम्युलेटर या महासंगणकावर संबंध पृथ्वी साडेतीन किलोमीटरच्या चौकटींनी व्यापून खोल अभिसरणाची आणेवारीच रद्द केली, आणि त्यांच्या प्रतिमानाने उष्णकटिबंधात आठवडे आठवडे पूर्वेकडे सरकणारा मेघांचा महासमूह हुबेहूब उभा केल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. २०१९ पर्यंत निरनिराळ्या देशांची अशी नऊ सूक्ष्म प्रतिमाने चाळीस दिवसांच्या एकाच कालखंडासाठी चालवून ताडून पाहण्यात आली होती.

अराकावा २०२१ साली निवर्तले. त्यांचा प्रश्न आता यंत्रांच्या बळावर निकालात निघाला, असे कोणास वाटेल; परंतु वस्तुस्थिती तशी नाही. मे २०२५ मध्ये पुण्याच्या संस्थेने विकसित केलेले ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे सहा किलोमीटर चौकटीचे जागतिक प्रतिमान देशाच्या सेवेत रुजू झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण सहा किलोमीटर ही अशी अडनिडी पातळी आहे की, तेथे मोठा मेघ अर्धामुर्धा चौकटीत मावतो आणि अर्धामुर्धा निसटतो, त्यामुळे मेघ आणि चौकट यांचे आकार फार भिन्न असतात या गृहीतकावर उभी असलेली जुनी सूत्रे तेथे डगमगतात. साडेतीन किलोमीटरवर खोल मेघ मावले, तरी समुद्रावरील उथळ मेघ निसटतात. ते शंभर मीटरवर मावले, तरी मेघातील थेंब उरतोच, आणि असे दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र आल्याखेरीज पावसाचा एक थेंब बनत नाही. जाळी कितीही बारीक केली तरी तिच्यातून काही ना काही निसटणार, आणि जे निसटेल त्याची आणेवारी विवेकाने लावावी लागणार.

म्हणून या इतिहासाचा निवाडा मला असा दिसतो. मेघांच्या ज्ञानात ज्या ज्या वेळी भरीव प्रगती झाली, त्या त्या वेळी नेमका प्रश्न विचारणारा मनुष्य आणि आकाशात जाऊन केलेली मोजमापे, ही दोन्ही एकत्र आली होती; रील आणि माल्कस यांच्या ताळेबंदामागे उंच हवेत पाठविलेल्या बलूनांच्या नोंदी होत्या, आणि अराकावांच्या सिद्धांताची पारख चाळीस जहाजांनी केली. आपल्या देशाने २००९ पासून विमानांतून मेघांची तपासणी चालविली आहे, आणि २०१२ पासून महाबळेश्वरला मेघभौतिकीची उच्चस्थानीय प्रयोगशाळा आहे. पश्चिम घाटावर येणारे मेघ अटलांटिकवरील मेघांसारखेच वागतील असे मानण्यास आधार नाही. त्यांची आणेवारी आपल्याच आकाशातील कापणीवरून लागली पाहिजे. महासंगणक पैसा मोजून मिळतात. मेघांची दीर्घकालीन, अखंड आणि प्रामाणिक नोंद मात्र ज्याची त्यालाच ठेवावी लागते, आणि जमिनीच्या मोजणीचे दफ्तर ज्या निष्ठेने या देशाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्याच निष्ठेने आकाशाचे दफ्तर सांभाळण्यास मनुष्यबळ आणि द्रव्य यांची कायम तरतूद करणे हे आपले कर्तव्य आहे.